पौषातला पावशा

"काय गो बाय, पौषात पावशा कसा काय ओरडला?"

रात्री पावणेअकराला अप्पांचा फोन आणि 'जेवलीस का' वगैरे काही नाही, थेट हे. मी साउंड एडिटर आहे. त्या दिवसांत एका रिॲलिटी शोचं काम हातात होतं. बारा-चौदा माणसं, जंगलातली छावणी, टास्क, भांडणं, रडारड, सगळं असतं तसंच. शोचं नाव सांगत नाही, अजून त्याच लोकांकडे काम मागायला जायचं असतं. तर एका शॉटमध्ये सकाळ झालीय हे कळावं म्हणून मी खाली पक्ष्यांचा आवाज टाकला होता. आमच्या लायब्ररीत 'इंडियन फॉरेस्ट मॉर्निंग' नावाची फाइल होती. कानाला गोड वाटली, टाकली. तिच्यात पावशा होता. आणि पडद्यावर माणसं स्वेटर घालून शेकोटीभोवती बसलेली. मृगाच्या आगेमागे 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत गावभर बोंबलणारा पक्षी, तो ऐन थंडीत पेरणीची आठवण करून देत होता. चॅनेलचे दोघे, दिग्दर्शक, मिक्सिंगवाला आणि मी, पाच जणांनी तो एपिसोड पास केला होता. पकडलं कोणी, तर संगमेश्वर तालुक्यात आरामखुर्चीत बसलेल्या एका रिटायर्ड प्राथमिक शिक्षकाने.

"अप्पा, तो खरा नाही. मी घातलाय."

"ते कळलंच. खऱ्याला अक्कल असते."

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. रिॲलिटी शोवर बेतलेल्या कादंबऱ्या आणि सिनेमे मी अधाशासारखी वाचते-बघते (धंद्यातल्या माणसाला आपल्या धंद्याची निंदा ऐकायला फार आवडते), पण लोक ज्यावर बोलतात, म्हणजे माणसाचं क्रौर्य, कॅमेरा, प्रेक्षकांची भूक, तिकडे माझं लक्ष दुसऱ्यांदा जातं. आधी मी झाडांकडे बघते. नदीकडे, पावसाकडे. आणि मनात एकच प्रश्न असतो: हे चालवतंय कोण?

आपल्याकडच्या गोष्टींत अरण्य म्हणजे राजवाड्याबाहेरची जागा. राजाची सत्ता जिथे पातळ होते तिथून ते सुरू होतं. रामाला वनवास दिला म्हणजे अयोध्येच्या हिशेबातून बाहेर काढला. तिथे राक्षस असतील, ऋषी असतील, शबरी असेल. पण कैकेयीचा हात तिथवर पोचत नाही. रिॲलिटी शोच्या कथांमधलं जंगल याच्या बरोबर उलट असतं. तिथे जंगल हीच राजवाड्याची सगळ्यात आतली खोली. गंमत म्हणजे त्याची चुणूक रामायणातही एका जागी आहे. सोन्याचं हरीण! मारीच म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने ठरवून, नेमक्या वेळी, नेमक्या माणसाच्या नजरेसमोरून पळवलेलं जनावर. आमच्या भाषेत प्लांट. पुढे तो मरताना रामाच्या आवाजात हाकही मारतो. म्हणजे डबिंगसुद्धा झालं.

आता 'द हंगर गेम्स'. सुझन कॉलिन्सची ही कादंबरी 2008 ची. टीव्हीवर चॅनेल बदलत असताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती डोक्यात एकमेकांत मिसळली आणि त्यातून हे सुचलं, असं त्यांनी सांगितलेलं आहे. राजधानीतलं सरकार जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं उचलून टीव्हीवर एकमेकांना मारायला लावतं: चोवीस पोरं, एक रिंगण, शेवटी एक जिवंत. सिनेमा बघितलेल्यांना रक्त आठवतं. मला पहिल्या प्रकरणातलं कुंपण आठवतं. बारा नंबरच्या जिल्ह्याभोवती विजेचं कुंपण आहे, पलीकडे खरं जंगल. गोष्टीची नायिका कॅटनिस रोज त्याच्याखालून सरपटत शिकारीला जाते, पण जाण्याआधी क्षणभर थांबून कान देते. तारेतून घूंऽऽ असा आवाज येतोय का? आला तर वीज चालू आहे. बहुतेक वेळा नसतेच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठले होते. कारण माझा अर्धा जन्म त्या 'घूंऽऽ'च्या मागे गेला आहे. ते नंतर सांगते.

कुंपणापलीकडच्या जंगलात बापाने तिला कंद ओळखायला शिकवलेलं असतं. तिचं नावच एका पाणवनस्पतीवरून ठेवलेलं, बाणाच्या टोकासारखी पानं असलेल्या. तू स्वतः सापडत राहिलीस तर उपाशी मरणार नाहीस, असा बापाचा विनोद. म्हणजे खऱ्या जंगलात एक गोष्ट म्हणजे ती गोष्टच. कंद म्हणजे जेवण. आणि रिंगणातल्या जंगलात? तिथे पहिल्या दिवसांत तिला पाणी मिळत नाही, घसा सुकतो, ती कॅमेऱ्यांकडे बघून पाणी मागते. बाहेरून तिचा मार्गदर्शक भेटवस्तू पाठवू शकतो, पण पाठवत नाही. आधी तिला राग येतो, मग उजेड पडतो: पाणी जवळच असणार, म्हणून तो गप्प आहे. तिथून थोडं पुढे चिखल, आणि चिखलाशेजारी कमळांचं तळं. ते पाणी ती पिते खरं, पण त्या आधी तिने ते एखाद्या पत्रासारखं वाचलेलं असतं. कोणी काय पाठवलं, काय पाठवलं नाही, का पाठवलं नाही.

पुढे सगळंच तसं. ती इतर पोरांपासून फार लांब गेली, प्रेक्षकांना मारामारी दिसेना, की जंगलाला आग लागते, आणि आग तिला बरोबर खेळ चालवणाऱ्यांना हव्या त्या दिशेला हाकत नेते. शेवटी उरलेल्यांना एका ठिकाणी आणायचं तर ओढे आटतात, फक्त तळं उरतं. मराठवाड्यातल्या कोणालाही विचारा, आटलेल्या ओढ्याकडे बघून माणसाच्या मनात काय येतं. पाऊस, पाप, सरकार, नशीब. इथे तसं काही यायला जागाच नाही. कोणीतरी तोटी बंद केली. आणि खेळ संपले की ही रिंगणं तशीच राखून ठेवतात, राजधानीतली माणसं तिथे सहलीला येतात. हे वाक्य कादंबरीत अगदी ओझरतं येऊन जातं. मला तर त्या सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात किळसवाणं तेच वाटतं.

दुसऱ्या भागात, 2009 च्या, लेखिकेने उरलासुरला आडपडदा काढून टाकला. रिंगण म्हणजे चक्क घड्याळ. जंगलाच्या बारा फाका, दर तासाला एकेक फाक जागी होते. एकीत वीज पडते, एकीत रक्ताचा पाऊस, एकीत विषारी धुकं, एकीत माकडं. कधी काय दाखवायचं याची दिग्दर्शकाची यादी, रनडाउन शीटच जमिनीवर आखलेली. थोडं जास्तच नीटनेटकं झालंय असं मला वाटतं. पहिल्या भागातल्या आटलेल्या ओढ्याची भीती त्या घड्याळात नाही. पण त्यातली एक फाक मात्र मला झोपू देत नाही. ती पक्ष्यांची. मूळ कथेत असं आहे की सरकारने बंडखोरांची बोलणी ऐकून जशीच्या तशी म्हणून दाखवणारे पक्षी तयार केले होते. सगळे नर. उडता रेकॉर्डर. बंडखोरांना हे कळलं, त्यांनी त्या पक्ष्यांपुढे खोटंनाटं बोलायला सुरुवात केली, मग सरकारने पक्षी रानात मरायला सोडून दिले. ते मेले नाहीत. रानातल्या माद्यांशी जुळले आणि त्यातून एक नवीनच पाखरू जन्मलं, जे बोलणं विसरलं पण गाणं उचलतं. ते मॉकिंगजे. सगळ्या मालिकेचं चिन्ह झालेलं पाखरू हे असं, ऑफिसच्या चुकीतून पैदा झालेलं.

तर त्या फाकेत जुने रेकॉर्डर पक्षी कॅटनिसच्या लहान बहिणीच्या किंकाळ्या काढतात. बहीण तिथे नसतेच. मुलाखतीतल्या साध्या आवाजावरून किंकाळी बनवता येते, आमच्याकडे शाळेतली पोरं हे शिकतात, असं तंत्रज्ञ असलेला एक जण शांतपणे सांगतो. वाचून मी हसले आणि मग हसू गेलं. कारण मी ते करते. किंकाळ्या नाही, पण सोमवारी बोललेल्या वाक्याचा अर्धा तुकडा आणि गुरुवारच्या वाक्याचा अर्धा जोडून माणसाला न बोललेलं बोलायला लावणं, याला आमच्या धंद्यात नाव आहे, फ्रँकनबाइट. जोडाचा सांधा ऐकू येऊ नये म्हणून त्याखाली काय घालतात माहीत आहे? रातकिडे. वारा. पक्षी. निसर्ग हा आमचा लांबी आणि रंग आहे, भिंतीतल्या चिरा बुजवायचा.

आता पाऊस. 'द ट्रुमन शो' 1998 चा, पीटर वीअरचा. ट्रुमनला माहीत नाही की त्याचं गाव हा घुमटाखालचा सेट आहे. त्यात एका रात्री तो समुद्राकाठी बसलेला असताना पाऊस येतो आणि फक्त त्याच्या अंगावर पडतो. एक खांब पावसाचा. तो उठून बाजूला होतो, पाऊस त्याच्या मागून येतो. मग कोणाच्या तरी लक्षात येतं आणि एकदम सगळीकडे धो धो. थिएटरात लोक हसले असतील. आमच्या गोरेगावच्या चित्रनगरीत जुलै महिन्यात, बाहेर खरा पाऊस कोसळत असताना, टँकर बोलावून पाऊस पाडलेला मी पाहिलाय. कारण खरा पाऊस कॅमेऱ्याला दिसत नाही. थेंब बारीक, मागून दिवा नाही. टँकरचा थेंब जाड असतो, त्याच्या मागे लाइट मारता येतो, तो दिसतो. हिरॉइन खऱ्या पावसात छत्रीखाली थांबते आणि 'ॲक्शन' म्हटलं की छत्री टाकून खोट्या पावसात जाते.

ट्रुमनला पाण्याची भीती आहे, कारण लहानपणी त्याच्यासमोर वादळात बाप बुडाला. तोही ठरवून बुडवला होता, पोरगं बेटाबाहेर जाऊ नये म्हणून. म्हणजे भिंत बांधण्यापेक्षा समुद्र बांधणं स्वस्त पडलं. कोकणातल्या माणसाला हे फार लागतं. आमच्याकडे समुद्राने माणसं खरंच नेली आहेत आणि तरी नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देऊन होड्या पुन्हा जातातच, कारण समुद्राचा हेतू कोणी धरत नाही. ट्रुमनच्या समुद्राला हेतू आहे. चंद्रात कंट्रोल रूम आहे, तिथून वारा वाढवतात, लाटा वाढवतात, आणि तो मरायला टेकला तरी मागे फिरत नाही म्हटल्यावर बंद करतात. मग ऊन, शांत पाणी, आणि होडीचं नाक आभाळात घुसतं. रंगवलेल्या भिंतीत. टिटवी देखील समुद्र आटविते अशी म्हण आहे आपल्याकडे. ती मला त्या दृश्याला दर वेळी आठवते.

टिटवीवरूनच आमच्या शोकडे येते.

आमच्या जंगलात एक धबधबा होता. फायबरचे खडक, वर टाकी, खाली पंप. दिसायला झकास. स्पर्धकांना रडायचं असलं की ते तिथेच जाऊन बसत, कोणी सांगितलेलं नसताना. माणसाला पाण्याशेजारी रडू येतं हे काही खोटं नाही, पाणी प्लास्टिकच्या टाकीतलं असलं तरी. पण त्यांच्या कॉलरला लावलेल्या लेपल माइकवर हुंदक्याखाली सतत तो पंप. घूंऽऽ. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटार 50 वर घुमते, 100 वर घुमते, 150 वर. एकेक पट्टी शोधून कापायची. जास्त कापलं तर माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, कमी कापलं तर धबधब्याचं बिंग फुटतं. सहा आठवडे मी ते केलं. म्हणून कॅटनिस कुंपणाशी थांबून कान देते ते वाचून मला उठावं लागलं होतं. ती जो आवाज शोधते तो पुसणं हे माझं काम.

एका रात्रीचं फुटेज. साडेतीन वाजलेले, सगळे झोपलेले. यवतमाळकडची एक मुलगी धबधब्याशी एकटी. बाहेर कुठून तरी टिटवी ओरडायला लागते. खरी. सेटच्या पलीकडे माळ आहे, तिथली. मुलगी मान वर करते, ऐकते आणि पुटपुटते, "टिटवी ओरडून राहिली. आमच्याकडे चांगलं नाही समजत हे." मग थोडं थांबून, "माय आता उठली असन." बस. चाळीस सेकंद. मला वाटलं एपिसोड इथे संपवावा. वरून निरोप आला की यात काही घडत नाही, आणि तो कर्कश आवाज कसला, काढा. रात्र वाटायला घुबड घाला. लायब्ररीतलं घुबड मी घातलं. हूऽऽ-हूहूऽऽ करणारं, युरोपातल्या जंगलातलं. सह्याद्रीत ते नाहीच. ज्या पक्ष्याला त्या मुलीच्या गावात अर्थ होता तो कापला आणि ज्याला फक्त सिनेमात अर्थ आहे तो चिकटवला. अप्पांना घुबड कळलं नाही, नशीब. त्या दिवशी लाइट गेले होते.

'हंगर गेम्स'मध्ये हेच आहे आणि ते वाचताना माझी मान खाली गेली. रू नावाची बारा वर्षांची पोर मरते. कॅटनिस तिच्या अंगावर रानफुलं रचते, आता हे त्यांना दाखवावंच लागेल म्हणून. रिंगणात पहिल्यांदा कोणीतरी झाडापानांना स्वतःचा अर्थ देतं, वरून आलेला नाही. खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर संकलित भाग दाखवतात. त्यात रूचं मरण आहे. कॅटनिसचं गाणं आहे, अख्खं. फुलं नाहीत. कॅटनिसच्या ते लक्षात येतं, एका ओळीत, आणि ती पुढे जाते. समीक्षक आगीवर आणि पाखरावर पानंच्या पानं लिहितात. मला त्या न दिसलेल्या फुलांशेजारी एक माणूस दिसतो, रात्रपाळीचा, थंड चहा, माउसवर हात, 'काढा' म्हटलं म्हणून काढणारा.

उलट्या बाजूचीही एक कादंबरी आहे, अलेक्झांड्रा ऑलिवाची 'द लास्ट वन', 2016 ची. सर्व्हायव्हल शोमधली एक बाई एकटी जंगलात आहे, आणि बाहेर साथ येऊन जग मरून गेलंय. तिला कोणी सांगायला उरलेलंच नाही. ती चालतेय, आणि दिसेल ते सगळं शोवाल्यांनी मांडलेलं आहे असं समजतेय. चष्मा फुटलेला, त्यामुळे सगळं धूसर. अंगावर आलेला कोल्ह्यासारखा प्राणी तिला यंत्र वाटतो. एका घरात बाळ असतं, ती ते बाहुलं समजते. सोन्याच्या हरणाला खरं समजणं ही सीतेची चूक होती. इथे खऱ्या हरणाला सोन्याचं समजून बाई पुढे निघून जाते. 2020 च्या एप्रिलमध्ये मी हे पुस्तक पुन्हा उघडलं आणि बाळाच्या जागेवर बंद केलं. अजून पूर्ण दुसरं वाचन झालेलं नाही.

बेटाचं मी मुद्दाम फार बोलत नाही, ते सगळेच बोलतात. खऱ्या शोंची सुरुवातही बेटांवरच: स्वीडनचा 1997 चा, नाव रॉबिन्सनवरूनच, मग 2000 साली अमेरिकेचा, बोर्निओजवळच्या बेटावर. पण बीबीसीच्या नायजेल नील नावाच्या लेखकाने 1968 सालीच टीव्हीनाट्य लिहून ठेवलं होतं. एक कुटुंब थंडगार, खडकाळ बेटावर राहायला जातं, कॅमेरे बघतात, आणि निर्मात्यांनी त्याच बेटावर गुपचूप एक खुनी सोडलेला असतो. मला त्यातलं बेट महत्त्वाचं वाटतं, खुनी नाही. ते लोक तिथे आपणहून जातात, खऱ्या थंडीची भूक लागलेली असते म्हणून.

ही भूक शोमध्ये येणाऱ्यांनाही असते, हसू नका. चित्रनगरीला लागूनच नॅशनल पार्क आहे आणि मालिकांच्या सेटवर बिबट्या शिरल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. आमच्याही वेळी एकदा रात्री ग्रुपवर मेसेज पडला: बिबट्या दिसलाय, चहाला कोणी एकट्याने जाऊ नये. पाचशे मीटरवर खरं जनावर, अख्खं युनिट व्हॅनमध्ये काचा लावून बसलेलं. आत छावणीतल्या स्पर्धकांना कळवलं नाही. टास्क चालू होतं: जंगलाची भीती जिंका.

त्या मुलीचे चाळीस सेकंद मी टाकून दिले नाहीत. हार्ड डिस्कवर 'टिटवी_रॉ' नावाने आहेत. हा मजकूर लिहायला घेतला तेव्हा काढून ऐकले, तिचं बोलणं वगळलं, नुसता पक्षी ठेवला आणि अप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवला. म्हटलं, ओळखा, ही लायब्ररीतली नाही. फिल्टर वगैरे काही लावला नव्हता.

अर्ध्या तासाने फोन आला. कान आता जरा कमी आहेत, त्यामुळे ते ओरडूनच बोलतात.

"टिटवी खरी आहे गो," अप्पा म्हणाले. "पण मागे पंप कोणी चालू ठेवलान?"